क्लबवरचा विश्वास उडाल्यावर काय करावं: एका युनायटेडवालीची पद्धत

आपल्या फुटबॉल क्लबवरून मन उडालं असेल तर मे महिन्यात काहीही ठरवू नका. हंगाम नुकताच संपलेला असतो, जखम ओली असते, आणि त्या भरात माणूस एक तर जर्सी बोहारणीला देऊन मोकळा होतो, नाहीतर 'मरेपर्यंत हाच क्लब' अशी शपथ घेऊन बसतो. दोन्ही निर्णय रागाचे असतात, आणि ऑगस्टमध्ये पहिली शिट्टी वाजली की दोन्ही डळमळतात. मे जाऊ द्या. जूनमध्ये सामने नसतात, डोकं थंड असतं. तेव्हा कागद घेऊन बसा. सप्टेंबरात क्लबचे वार्षिक हिशेब येतात, ते वाचा. मग ठरवा.

मी इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडची चाहती. मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. आता पुण्यात राहते, ऑडिटचं काम करते. २६ मे १९९९ ला बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात युनायटेडच्या शेरिंगहॅम आणि सोल्शायरनं शेवटच्या क्षणी दोन गोल केले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. आप्पांची झोप मोडू नये म्हणून दादानं टीव्हीचा आवाज बंद ठेवला होता, आणि वळून बघितलं तर आप्पाच आमच्या मागं उभे राहून बघत होते. तेव्हापासूनचा हा क्लब. म्हणून पुढचं सगळं युनायटेडच्या उदाहरणानं सांगते. तुमचा क्लब वेगळा असेल तर आकडे तुमचे घाला, पद्धत तीच चालेल.

नेमका कशावरचा विश्वास उडालाय?

'वैताग आला' एवढ्यानं काही कळत नाही. हरण्याचा वैताग वेगळा, प्रशिक्षकाचा आणि खेळाडूंचा वेगळा, मालकाचा वेगळा आणि एकूण खेळाचाच वेगळा. प्रत्येकावरचा उपाय निराळा असल्यामुळे आधी हे सुटं करावं लागतं.

त्यासाठी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: मालक तेच राहिले, कारभार तसाच राहिला, पण पुढच्या वर्षी लीग जिंकली, तर माझा सल जाईल का? प्रामाणिक उत्तर द्या, कुणी ऐकत नाहीये.

उत्तर 'हो' असेल तर तुमचा विश्वास शाबूत आहे, तुम्ही फक्त हरून हरून थकलायत. २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधराव्या क्रमांकावर राहिला, ४२ गुणांवर. प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतला, हा त्याचा सगळ्यात वाईट हंगाम. २१ मे २०२५ ला बिलबाओमध्ये युरोपा लीगचा, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेचा, अंतिम सामनाही टॉटनहॅमकडून ०-१ असा गमावला. वाईट आहेच. पण १९६७ नंतर या क्लबनं लीग जिंकली ती थेट १९९३ मध्ये. मधल्या २६ वर्षांत १९७४ साली तो खालच्या श्रेणीतसुद्धा घसरला होता, आणि त्या खालच्या श्रेणीतल्या वर्षीही घरचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड भरलेलं असायचं. नुसत्या पराभवानं चाहते तुटत असते तर हा क्लब आपल्यापर्यंत पोचलाच नसता. अशा थकव्यावर औषध म्हणजे विश्रांती. पाच-सहा आठवडे सामने बघू नका, निकाल सकाळी पेपरात वाचा. बहुतेकांना एवढं पुरतं.

उत्तर 'नाही' असेल तर मात्र प्रकरण खोल आहे.

माझं उत्तर 'नाही' झालं त्याची तारीख मला सांगता येते: १८ एप्रिल २०२१. त्या दिवशी युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी मिळून सुपर लीग जाहीर केली. संस्थापक क्लबांना कायमची जागा, कितीही खराब खेळलं तरी खाली जायची भीती नाही, अशी ती योजना. युनायटेड त्यात होताच, आणि आमच्या मालकांपैकी जोएल ग्लेझर त्या लीगचा उपाध्यक्ष होता. फुटबॉलमध्ये जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणजे कुणीही वर जाऊ शकतं आणि कुणीही खाली पडू शकतं, तेच काढून टाकायला निघालेली ही माणसं माझ्या क्लबची मालक होती. दोन दिवसांत इंग्लंडच्या सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली, कारण चाहते रस्त्यावर उतरले. पण मला कळायचं ते कळलं. त्यानंतर कितीही चषक आले असते तरी तो सल गेला नसता.

प्रशिक्षक आणि खेळाडूंवरचा राग या दोन्हींच्या मधे बसतो, आणि तो फार वेळा चुकीच्या माणसावर निघतो. जुलै २०२४ मध्ये क्लबनं प्रशिक्षक एरिक टेन हागचा करार वाढवला, त्याच्या पसंतीच्या खेळाडूंवर मोठी रक्कम ओतली आणि ऑक्टोबरमध्ये त्यालाच काढलं. यात राग कुणाचा धरायचा? मी म्हणेन, सही करणाऱ्यांचा. मैदानावर चुकीचा पास देणारं एकवीस वर्षांचं पोर तुमच्या रागाचं धनी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्याला समाजमाध्यमांवर जाऊन शिव्या घालणं ही तर नीचपणाची गोष्ट आहे.

आणि खेळावरूनच मन उडालं असेल, व्हिडिओ पंच, सट्ट्याच्या जाहिराती, पैशाचा महापूर हे सगळंच नकोसं झालं असेल, तर क्लब बदलून काही होणार नाही. तुम्हाला वेगळ्या प्रकारचं फुटबॉल लागेल. त्याबद्दल पुढं लिहिलंय.

हिशेब वाचायला शिका

हा भाग लांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त दिलासा इथंच मिळतो. चिडलेल्या माणसाला कारण सापडलं की त्याची निम्मी तगमग थांबते.

युनायटेड २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. त्यामुळे त्याला दर तिमाहीला आणि दर वर्षी हिशेब जाहीर करावेच लागतात. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं आणि वार्षिक आकडे साधारण सप्टेंबरात येतात, क्लबच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर, फुकट. कागद जाडजूड असतो, पण चाहत्यानं पाच जागा बघितल्या तरी पुरे: एकूण उत्पन्न, पगार, कर्ज आणि त्यावरचं व्याज, लाभांश, आणि खेळाडूंच्या खरेदीचे थकीत हप्ते.

पहिली जागा बघितलीत की चकित व्हाल. पंधराव्या क्रमांकावर राहिलेल्या त्या २०२४-२५ मध्ये क्लबचं उत्पन्न ६६ कोटी ६५ लाख पौंड होतं, क्लबच्या इतिहासातलं सर्वाधिक. तरीही वर्षाअखेर ३ कोटी ३० लाख पौंडांचा तोटा. एवढा पैसा येतो आणि राहत नाही, तर जातो कुठं, हा प्रश्न घेऊन बाकीच्या चार जागांकडे जा.

कर्जाची गोष्ट २००५ ची. ग्लेझर कुटुंबानं सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, पण त्यातला बराच पैसा उसना होता, आणि त्या उसन्याचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर टाकला. म्हणजे एखाद्यानं तुमचा वाडा विकत घ्यावा, बँकेचं कर्ज वाड्याच्या नावावर चढवावं आणि हप्ते तुमच्या भाड्यातून भरावेत, तसं. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत व्याज, परतफेड, फी आणि लाभांश मिळून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम क्लबमधून बाहेर गेली, असा हिशेब इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी वारंवार मांडलाय. ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर जोराच्या पावसात गळतं, त्याची दृश्यं जगानं बघितली. छपराचे पैसे कुठं गेले ते या रकान्यात दिसतं.

थकीत हप्त्यांची जागा नवख्यांच्या नजरेतून सुटते. खेळाडू घेताना क्लब सगळी रक्कम एकदम देत नाही, वर्षानुवर्षं हप्ते चालतात. मार्च २०२५ मध्ये क्लबचा नवा भागीदार जिम रॅटक्लिफनं स्वतः सांगितलं की पूर्वी घेतलेल्या खेळाडूंचे पैसे क्लब अजून फेडतोय, आणि खर्च आवरला नसता तर वर्षअखेरीला तिजोरी रिकामी झाली असती. या रॅटक्लिफनं डिसेंबर २०२३ मध्ये क्लबचा साधारण चौथा हिस्सा घ्यायचं ठरवलं आणि फुटबॉलचा कारभार त्याच्याकडे आला. मग काटकसर सुरू झाली. २०२४ मध्ये सुमारे अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, २०२५ मध्ये आणखी दोनशेपर्यंत जागा कमी करणार असं जाहीर झालं. ही मैदानाची झाडलोट बघणारी, तिकीटखिडकीवर बसणारी, कार्यालयात कागद सांभाळणारी माणसं. त्यांनी कुठलाही महागडा खेळाडू विकत घेतला नव्हता. ऑडिट करताना हा प्रकार मी इतर धंद्यांतही बघते: चुकीची खरेदी वरचे करतात आणि कात्री खाली चालते. क्लबमध्ये तो बघून मला जास्त लागलं.

आता एक बारकावा, ज्यानं एका आवडत्या खेळाडूचं जाणं तुम्हाला समजेल. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत हिशेबात कराराच्या वर्षांवर वाटली जाते. ८ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आला तर दर वर्षी १ कोटी ६० लाख खर्च दिसतो. दोन वर्षांनी तो विकायचा म्हटला तर पुस्तकात ४ कोटी ८० लाख शिल्लक असतात. त्याहून कमी आले तर तोटा. पण अकादमीत लहानाचा मोठा झालेल्या पोराची खरेदी किंमत जवळपास शून्य. त्याला विकलं की आलेली सगळी रक्कम नफा. खर्चाच्या नियमांत अडकलेल्या क्लबांना म्हणून घरचीच पोरं विकायचा मोह होतो.

स्कॉट मॅकटॉमिने असाच गेला. लहानपणापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला, ऑगस्ट २०२४ मध्ये नापोलीला विकला. आमची बिलबाओची हार झाली २१ मेला. २३ मेला नापोलीनं कॅलियारीला हरवून इटलीची लीग जिंकली आणि त्या सामन्यातला पहिला गोल मॅकटॉमिनेनं हवेत झेप घेऊन मारला. त्या हंगामाचा इटलीतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मला त्याचा आनंदच झाला. पण ते विकणं कुणाच्या लहरीवर झालं नव्हतं, वर्षानुवर्षांच्या वाईट खरेदीनं त्याची जागा हिशेबाच्या वहीत आधीच ठरवून टाकली होती, हे कळल्यावर माझा राग योग्य पत्त्यावर गेला.

कुणाचं ऐकायचं

आपण पुण्यात, ठाण्यात, पणजीत किंवा दुबईत बसून दुखावतो. मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या माणसाचं दुखणं वेगळं आहे. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस, हंगाम चालू असताना, क्लबनं उरलेल्या सामन्यांची सदस्यांसाठीची तिकिटं सरसकट ६६ पौंडांवर नेली. मुलांना आणि वृद्धांना सवलत नव्हती. आजोबा-नातवाची जोडी पिढ्यान्पिढ्या जिथं जाते, तिथं नातवाचंही तिकीट पुरं झालं. हे आपल्यावर येत नाही. म्हणून मैदानावर जाणाऱ्या चाहत्यांचं आधी ऐकायचं, आणि त्यांचा लढा असेल तिथं आपला आवाज त्यांच्यामागं उभा करायचा, त्यांच्यापुढं नाही.

त्यांची परंपरा मोठी आहे. २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लाल सोडून हिरवे-सोनेरी मफलर दिसायला लागले. ते रंग न्यूटन हीथचे. १८७८ साली रेल्वेच्या कामगारांनी काढलेला तो संघ, पुढं १९०२ मध्ये त्याचंच नाव मँचेस्टर युनायटेड झालं. मालकांना न बोलता सांगायचं होतं की क्लब तुमच्या आधीपासूनचा आहे. मार्च २०१० मध्ये युनायटेडचाच जुना खेळाडू डेव्हिड बेकहॅम मिलानकडून खेळायला आला, आणि सामना संपल्यावर त्यानंही तो मफलर गळ्यात घातला. सुपर लीगनंतर २ मे २०२१ ला चाहते थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढं ढकलावा लागला. आरडाओरड्यानं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला, स्वतंत्र नियामक आला, आणि त्याची मागणी चाहत्यांनीच लावून धरली होती.

अफवांवर जगणारे व्हिडिओवाले मात्र बंद करा. 'हा येतोय, तो जातोय' हे ऐकत जून-जुलै घालवला तर हिशेबाच्या कागदातून मिळालेली शांतता चार दिवसांत संपते.

काय काढून घ्यायचं, काय ठेवायचं

क्लबच्या कागदपत्रांत जगभरातल्या ११० कोटी चाहत्यांचा आणि अनुयायांचा उल्लेख असतो. प्रायोजकांना दाखवायचा तो आकडा आहे, आणि त्यात तुम्ही-मीही धरलेले आहोत. भारतातून आपण तिकिटं घेत नाही, तेव्हा आपल्याकडे खरं भांडवल दोनच: जर्सीचे पैसे आणि लक्ष. ती कुठं द्यायची हे आपल्या हातात आहे.

मालकावरचा विश्वास उडाला असेल तर नवी जर्सी घेऊ नका. जुनी घाला, अभिमानानं घाला. क्लबच्या ॲपच्या सूचना बंद करा, प्रायोजकांच्या पोस्टना हात लावू नका. सामन्यांच्या वाहिनीची वर्गणी ही बारीक गोष्ट आहे: तो पैसा लीगमार्फत सगळ्याच क्लबांत वाटला जातो, म्हणून मी ती चालू ठेवलीय. ज्यांना तीही नको वाटते त्यांचंही मला पटतं.

वेळेचा हिशेबही करा. इंग्लंडमधला दुपारचा तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला असतो. तो घरच्यांबरोबर जेवता जेवता बघता येतो. युरोपातले रात्रीचे सामने साडेबारा किंवा दीडला सुरू होतात. मन उडालेलं असताना दीड वाजता जागायची सक्ती स्वतःवर करू नका. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तारवटलेल्या डोळ्यांनी बसून क्लबचा जो राग येतो, त्यातला निम्मा झोपेचा असतो.

ठेवायचं काय? तुमच्या आठवणी, तुमचे मित्र, तुम्हाला आवडलेले खेळाडू. १९९९ ची ती रात्र माझी, दादाची आणि आप्पांची आहे. ती कुठल्याही मालकाच्या ताळेबंदात येत नाही. तुमच्या गावात चाहत्यांचा गट असेल तर क्लब सोडलात तरी गट सोडू नका. क्लबपेक्षा ती माणसं जवळची असतात.

मुलांना काय सांगायचं

माझी भाची दहावीत आहे. मँचेस्टर सिटी हा आमचा त्याच शहरातला प्रतिस्पर्धी क्लब. तिनं विचारलं, "मावशी, मी सिटीची झाले तर तू रागावशील?" मी म्हटलं, "मुळीच नाही. पण निळी जर्सी घ्यायच्या आधी दोन गोष्टी वाच." सिटी तेव्हा काय सुंदर खेळायचा ते मीच तिला दाखवलं. मग हेही दाखवलं की प्रीमियर लीगनं फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच क्लबवर आर्थिक नियमभंगाचे शंभराहून जास्त आरोप ठेवले, आणि क्लबनं ते नाकारले. जिथं जाशील तिथं मालक असेल, पैसा असेल आणि प्रश्न असतील. खेळ आवडला म्हणून जा. आपला क्लब हरतो याची वर्गात लाज वाटते म्हणून जाऊ नकोस.

ती गेली नाही, पण पुरुषांचा संघही तिनं सोडला. ती आता युनायटेडचा महिलांचा संघ बघते. याची गोष्ट मुलींना जरूर सांगा: २००५ मध्ये, मालक बदलले त्याच वर्षी, महिलांचा संघ बंद करण्यात आला होता. २०१८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, आणि मे २०२४ मध्ये वेम्बलीवर टॉटनहॅमला ४-० नं हरवून त्यांनी इंग्लंडचा महिलांचा एफए चषक जिंकला. विश्वास उडालेल्या माणसाला त्याच क्लबात राहून नवी जागा सापडू शकते ती अशी.

मालक नसलेलं फुटबॉल

सोडायचंच ठरलं तर रिकाम्या हातानं सोडू नका. २००५ मध्ये ग्लेझर आल्यावर युनायटेडच्याच काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा क्लब काढला. सुरुवात थेट दहाव्या श्रेणीतून. कितीही पैसे घाला, एका सदस्याला एकच मत. २०१५ मध्ये त्यांनी मॉस्टन भागात स्वतःचं मैदान बांधलं, ब्रॉडहर्स्ट पार्क. त्याआधी २००२ मध्ये लंडनचा विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन सुरू केला. तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाव लेन भागात परतला. जर्मनीत १९९८ पासूनचा नियम असा की काही अपवाद सोडले तर क्लबमधली बहुमताची मतं सदस्यांकडेच राहतात. वाचण्यासारखं, मनाला उभारी देणारं हे सगळं आहे.

आपल्याकडे चाहत्यांच्या हाती असलं काही नव्हतं, त्याची किंमत पुण्यानं मोजलीय. २००७ मध्ये सुरू झालेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरा आला, बालेवाडीला आपला संघ म्हणून लोक जायचे, आणि २०१५ नंतर तो राहिला नाही. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आला होता, तोही २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. भगव्या टीशर्टातली पोरं एका उन्हाळ्यात बिनसंघाची झाली. तुमचा क्लब अजून जिवंत आहे आणि तुम्ही त्याच्यावर रागावू शकता, हीही मोठी गोष्ट आहे, हे मला बालेवाडीनं शिकवलं.

म्हणून माझा आग्रह: जवळचं एक मैदान धरा. माझं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. तिथं शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असे तालमींचे संघ खेळतात. संघ पेठेचा असतो, पेठेतली पोरं खेळतात, कट्ट्यावर बसलेला म्हातारा कोचला नावानं हाक मारून झापतो. आप्पा आयुष्यभर शिवाजीचे. "तालीम हरली म्हणून पेठ सोडत्यात व्हय?" असं ते मला म्हणाले होते, मी युनायटेडबद्दल रडत असताना. तिथंही सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. ईर्ष्या टोकाला जाते, मारामाऱ्या होतात, त्या पायी चांगले सामने नासलेत. पण तिथं तक्रार करायची तर माणूस समोर सापडतो. गोव्यात राहत असाल तर तुमच्या गावचा संघ जवळच्या मैदानावर खेळतच असतो. मुंबईत कूपरेजला जा. आठ-दहा वर्षांच्या पोरांची स्पर्धा असली तरी चालेल. तासभर उन्हात उभं राहिलात की खेळावरचा राग आहे की क्लबवरचा, हे तिथं आपोआप कळतं.

अटी लिहून ठेवा

राहायचं किंवा परतायचं असेल तर कशासाठी, हे आधी लिहा, म्हणजे एका चांगल्या विजयानंतर मन वाहवत जाणार नाही. अटींत खेळाचा निकाल घालू नका. 'पहिल्या चारांत आले तर' ही अट नव्हे, ती इच्छा. अट अशी हवी जी हिशेबात किंवा निर्णयात तपासता येईल.

माझ्या चार आहेत. कर्ज उभं असताना मालकांना लाभांश जाऊ नये. मुलांच्या आणि वृद्धांच्या तिकिटाची सवलत सगळ्या सामन्यांना असावी. महिलांच्या संघाच्या सोयी पुरुषांच्या कामासाठी हिसकावल्या जाऊ नयेत. आणि मोठ्या निर्णयांआधी चाहत्यांच्या संघटनेला खरंच विचारलं जावं. यातली पहिली आकड्यांत दिसते, दुसरी दर उन्हाळ्यात तिकिटांच्या घोषणेत, तिसरी-चौथी मँचेस्टरच्या बातम्यांत.

तुमच्या अटी तीन-चारच ठेवा, खाली तारीख घाला आणि क्लबचा कागद उघडाल त्या सप्टेंबरात पुन्हा काढा. सगळ्या मोडलेल्या असतील तर त्या वर्षी क्लबला एक रुपयाही देऊ नका, जवळच्या मैदानावरच्या संघाला वर्गणी द्या. निम्म्या पाळल्या असतील तर सामने बघा, जर्सी थांबवा. आणि सगळ्या पाळल्या गेल्या असतील तर शनिवारी साडेसातला टीव्ही लावा, आवाज पूर्ण ठेवा, संघ पंधराव्या क्रमांकावर असला तरी.